तुम्ही विचारलंत म्हणून: स्पॅनिशची एवढी क्रियापदं पाठ होतात कशी?

"सर, एवढी क्रियापदं डोक्यात राहतात कशी, सांगा की!" अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघतो. त्यातला बराचसा स्पॅनिशमध्ये असतो, म्हणून हा प्रश्न ऑफिसात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो आणि संध्याकाळी शिकायला येणारी मुलं तर विचारतातच. त्याच्या जोडीला दुसराही असतो: सोलापुरात राहून स्पॅनिश? त्यात काय मोठंसं. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, शाळेत मराठी अशा गावात आणखी एक भाषा जड का वाटावी? डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म १९१०चा. १९३८मध्ये चीनला गेले आणि तिथे चिनी शिकले.

क्रियापदांचं खरं उत्तर असं की, मी ती सगळी पाठ केलेलीच नाहीत.

'पोनेर' म्हणजे ठेवणे. हे क्रियापद चांगलंच वाकडं आहे. 'मी ठेवतो' म्हणायचं तर 'पोंगो', 'मी ठेवलं' म्हणायचं तर 'पुसे', आणि ठेवलेली वस्तू 'प्वेस्तो'. आता याला मागून उपसर्ग लावत जा, म्हणजे खरं तर पुढून. प्रोपोनेर म्हणजे प्रस्ताव मांडणे, सुपोनेर म्हणजे गृहीत धरणे, इम्पोनेर म्हणजे लादणे, पोस्पोनेर म्हणजे पुढे ढकलणे, रेपोनेर म्हणजे संपलेला माल पुन्हा भरणे. अशी वीसच्या वर निघतात. सगळ्यांची रूपं पोनेरसारखीच: प्रोपोंगो, प्रोपुसे, प्रोप्वेस्तो, सुपोंगो, सुपुसे, सुप्वेस्तो. एका क्रियापदाचा तक्ता पक्का घोटला की बाकीच्यांचा वेगळा करावा लागत नाही.

संस्कृत घेतलेल्यांना हे नवीन नाही. हरति आलं की प्रहरति, संहरति, विहरति आपोआप आलं. मराठीत मात्र आपण आहार, विहार, संहार ही तयार नामं उचलली आणि क्रियापदाची ती सोय सोडून दिली. 'ठेवणे'ला आपण पुढून काही लावत नाही. ठेवून दे, ठेवून घे, असं जे काय लावायचं ते मागे. म्हणून मराठी मुलाला स्पॅनिशची ही रीत सुरुवातीला उलटी वाटते.

इथे माझं अनेक शिकवणाऱ्यांशी पटत नाही. ते उपसर्गांच्या अर्थांची यादी देतात. 'सु' म्हणजे खाली, 'प्रो' म्हणजे पुढे, मग मुलांनी अर्थ ओळखायचा. 'पुढे ठेवणे'वरून प्रस्ताव सुचेलही एखाद्याला. पण 'खाली ठेवणे'वरून गृहीत धरणे कुणाला सुचणार? 'तेनेर' म्हणजे जवळ असणे, 'एन्त्रे' म्हणजे मध्ये, आणि 'एन्त्रेतेनेर' म्हणजे करमणूक करणे. करा आता तर्क! उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे ओढून नेतो, हे आपल्याला संस्कृतच्या तासाला सांगितलेलं असतं, ते स्पॅनिशलाही लागू आहे. अर्थ एकेक करून, वाक्यातच शिकावा. उपसर्गावर विसंबायचं ते रूपांपुरतं.

धंद्यात तर अर्थ आपोआप बसतात. 'बोल्बेर' म्हणजे परतणे (स्पेलिंगमध्ये 'व्ही' असला तरी उच्चार 'ब'सारखा). एन्बोल्बेर म्हणजे गुंडाळणे, पॅकिंगच्या सूचनांमध्ये नेहमी असतं. रेबोल्बेर म्हणजे ढवळणे. अंडा भुर्जीच्या जवळचा जो पदार्थ तिकडे असतो, त्याच्या नावातलं 'रेब्वेल्तो' ते हेच. आणि देबोल्बेर म्हणजे परत करणे. हे क्रियापद गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये दिसलं की आधी शेठना फोन करायचा आणि मग व्याकरण बघायचं.

सगळीच घराणी इतकी सरळ नाहीत. 'देसीर' म्हणजे सांगणे, त्यावरून 'बेन्देसीर', आशीर्वाद देणे. दिगो तसं बेन्दिगो, दिखे तसं बेन्दिखे, इथवर ठीक. पण भविष्यकाळात 'दिरे'वरून 'बेन्दिरे' होईल असं वाटतं, तिथे 'बेन्देसिरे' येतं, आणि 'दिचो'च्या जागी 'बेन्देसिदो'. शाप देण्याच्या 'माल्देसीर'चंही तेच. संस्कृतमध्ये जयति, पण वि लागला की विजयते, तसाच हा प्रकार. या दोघांचा तक्ता मात्र वेगळा लिहून काढावा.

काही ठिकाणी मूळ क्रियापदच भाषेतून गेलंय. वाहन चालवणे, उत्पादन करणे, भाषांतर करणे यांना कोन्दुसीर, प्रोदुसीर, त्रादुसीर. यातलं नुसतं 'दुसीर' आज कुणी वापरत नाही. तरी कोन्दुस्को, प्रोदुस्को, त्रादुस्को, सगळे एकाच चालीने चालतात. याच्या उलट 'काबेर', म्हणजे मावणे, आणि 'रेसिबीर', म्हणजे मिळणे. दोन्ही लॅटिनच्या एकाच क्रियापदातून आली, पण आता ओळखही उरली नाही: काबेरचं 'केपो' होतं, रेसिबीरचं साधं 'रेसिबो'. म्हणून नुसती व्युत्पत्ती बघून चालत नाही. आजच्या स्पॅनिशमध्ये नातं दिसतंय का, ते बघायचं.

लॅटिनमध्ये तर उपसर्ग लागला की बऱ्याचदा मूळ स्वरच बदलायचा: तेनेरे, पण कोन्तिनेरे. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी तो पुन्हा सरळ केला आणि 'कोन्तेनेर' म्हणू लागले. पंडितांनी नव्हे, बोलणाऱ्यांनीच. त्यांच्या कानाला आतला तेनेर ऐकू येत होता, म्हणूनच आज तेंगो तसं कोन्तेंगो होतं.

सुरुवात करायची असेल तर पोनेर, तेनेर, देसीर, येण्याचं बेनीर, आणण्याचं त्राएर आणि बोल्बेर घ्या. प्रत्येकाला वहीचं एक पान, वर मूळ तक्ता, खाली भेटतील तशी उपसर्गवाली. 'बेर', म्हणजे बघणे, यावरून आलेलं 'प्रेबेर', आधीच ताडणे, तेही एखाद्या पानावर लिहून ठेवा. त्यात एक 'ए' जास्तीचा घालून 'प्रेबेएर' लिहिणारे स्पॅनिश मातृभाषेचे लोकही आहेत. 'प्रोबेएर', म्हणजे पुरवठा करणे, हे वेगळं क्रियापद, त्याच्याशी त्यांचा गोंधळ होतो.