मोटारसायकलसाठी थांबली, काकूंसाठी नाही

मी डोणगावला ट्रॅव्हल्सचं बुकिंग करतो. रोडवरचा एक गाळा, त्यात झेरॉक्सचं मशीन, रिचार्ज आणि पुण्याच्या गाड्या. रिसोड-वाशीमकडून निघालेल्या गाड्या अंधार पडला की यायला लागतात आणि मेहकर, सुलतानपूर, सिंदखेडराजा करत रातोरात पुणं गाठतात.

लोकांना वाटतं, गाडीवर ज्याचं नाव त्याचीच गाडी. तसं क्वचितच असतं. नाव पुण्यातल्या कंपनीचं, गाडी मात्र 'अटॅच', म्हणजे इकडच्याच कोण्या मालकानं हप्त्यावर घेतलेली. पासिंग कधी नागालँडचं, कधी अरुणाचलचं. ड्रायव्हर मालकाचा, क्लीनर ड्रायव्हरनं आणलेला, निम्म्या सीट ॲपवर विकलेल्या, उरलेल्या माझ्यासारख्यांनी. गाडीत काही बिनसलं की प्रवासी तिकिटावरचा नंबर फिरवतो आणि तो माझा असतो. पहाटे सहाच्या आत आलेला फोन मी पहिल्या घंटीला उचलतो. त्या वेळेला कोणी 'प्रवास छान झाला' सांगायला फोन करत नाही.

हा फोन भाऊबीजेच्या पाठोपाठचा. सोयाबीन बाजारात गेलेलं असतं आणि चाकण-रांजणगावची पोरं एकदमच परत निघतात. खासगी गाडीचं भाडं एसटीच्या दीडपटीवर जाऊ नये असं सरकारनं 2018 मध्येच ठरवून दिलंय. त्या आठवड्यात हा नियम काढणाऱ्याला आम्ही सीट नाही म्हणून सांगतो. मीही सांगतो.

फोन वाघोलीहून, गावातल्याच एका काकूंच्या सुनेचा. काकू साठीच्या पुढच्या, शुगरच्या गोळ्या चालू, लोअर सिंगलमध्ये, म्हणजे खालच्या एकेरी स्लीपरमध्ये, एकट्या. मीच बसवून दिलं होतं. रात्री त्यांनी क्लीनरला सांगितलं, दोन मिनिटं गाडी थांबव. तो म्हणाला, पुढं पंप आहे. पंप गेला. मग त्या स्वतः दांडी धरत केबिनपर्यंत गेल्या. ड्रायव्हर मागं न बघताच बोलला, "बुढे, घरून आटपून येत जाय ना. समृद्धीवर गाडी थांबत नसते." केबिनमधले दोघंतिघं हसले. गाडी थांबली ती संभाजीनगरच्या पुढं, जेवणाच्या ढाब्यावर. तोवर काकूंचं लुगडं खराब झालं होतं. सुनेनं एवढंच सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

समृद्धीवर मध्येच गाडी उभी करता येत नाही, हे खरं आहे. पण पंप आहेत, पंपावर संडास आहेत, आणि मुख्य म्हणजे गाडी समृद्धीला लागायच्या आधीच काकूंनी सांगितलं होतं.

आता तक्रार. हे काम मला येतं, आणि आमच्या लाइनीत ते येणारे फार नाहीत. 'ड्रायव्हर उद्धट होता' असं लिहून पाठवलं की ऑफिसमधली मुलगी 'चालकास समज देण्यात आली' असं उत्तर टाकून फाइल बंद करते. तिच्याकडं ते वाक्य तयारच असतं. म्हणून कंपनीच्या नावाऐवजी गाडीचा नंबर लिहायचा, कारण त्या नावाच्या वीस गाड्या एकाच रात्री रोडवर असतात. सीट नंबर, गाव, वेळ. आणि पुरावा असा मागायचा की जो त्यांच्याकडंच आहे. गाडीला जीपीएस असतं, कुठं किती मिनिटं उभी राहिली ते त्यांच्या स्क्रीनवर दिसतं. ते एकदा लेखी मागितलं की 'असं काही झालंच नाही' हा रस्ता बंद होतो.

माझ्याकडं त्याहून चांगली गोष्ट होती. सुलतानपूरचा पार्सलवाला ओळखीचा. त्याला विचारलं, रात्री त्या गाडीत काही चढवलं का? त्यानं बिल्टीचा, म्हणजे पार्सलच्या पावतीचा, फोटोच पाठवला. एक मोटारसायकल, पुण्याला. गाडीवर मोटारसायकल चढवायची म्हणजे काय ते बाहेरच्याला माहीत नसतं. आधी टाकीतलं पेट्रोल काढायचं, आरसे काढायचे, हँडल गोणपाटात गुंडाळायचं, मग चौघांनी दोर लावून टपावर ओढायची, आडवी करून बांधायची. हे पाच मिनिटांत होत नाही. त्या रात्री वीस मिनिटं लागली, पार्सलवाल्यानंच सांगितलं. काकूंनी क्लीनरला पहिल्यांदा विचारलं ते तिथंच. तो म्हणाला होता, "उतरू नका, गाडी निघालीच."

हे सगळं मी एका पानात बसवलं. बिल्टी जोडली.

मग सुनेनं एक व्हिडिओ पाठवला. केबिनच्या काचेमागं बसलेल्या एका कॉलेजच्या पोरानं काढलेला. ड्रायव्हरसमोर मोबाइल उभा केलेला, त्यात रील चाललेले, आणि गाडी समृद्धीवर. लोक तेवढंच बघतील. मी बघत होतो ती मागची जागा. ड्रायव्हरच्या मागं एक बाकडं असतं, दुसऱ्या ड्रायव्हरनं झोपायचं. लांबच्या गाडीला दोन ड्रायव्हर असतात, अर्ध्या रस्त्यात बदली होते. त्या बाकड्यावर पिशव्या मांडीवर घेतलेले दोन प्रवासी बसले होते. वाटेवरून घेतलेले, रोखीचे, चार्टवर नसलेले. चार्ट माझ्याकडं होता, त्यावर ड्रायव्हरची नावं दोन छापलेली. गाडीत एकच. आणि तो त्याच दिवशी सकाळी पुण्याहून तीच गाडी घेऊन आला होता. मला माहीत आहे, कारण सकाळी माझं पार्सल त्यानंच उतरवून दिलं होतं.

ड्रायव्हरच्या कामाचे आठ तास 1961 च्या कायद्यापासून लिहिलेले आहेत. आमच्या रोडवर हे बोललं की माणसं तुमच्याकडं दयेनं बघतात. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर पुण्याला निघालेली गाडी उलटून पेटली, 25 माणसं गेली. त्यानंतर काही दिवस प्रवासी चढताना केबिनमध्ये डोकावून ड्रायव्हरचा चेहरा बघायचे, माझ्या काउंटरवर विचारायचे, ड्रायव्हर कोण आहे. आता एसी चालू आहे का आणि चार्जिंग आहे का, एवढंच विचारतात.

तर माझ्या पानात तीन मुद्दे झाले. काकूंशी वागणं, मोबाइल, आणि दुसरा ड्रायव्हर कुठं होता. कंपनीला पाठवलं. रिफंडला महिना लावणाऱ्या कंपनीचं उत्तर दुपारच्या जेवणाआधी आलं. 'सदर चालकाच्या वर्तनाची गंभीर दखल घेऊन त्यास सेवेतून कमी करण्यात आले आहे.' सोबत काकूंना पुढच्या प्रवासासाठी दोनशे रुपयांचं कूपन, ॲपवर वापरायचं. काकूंकडं बटणाचा फोन आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर एक अक्षर नाही. फोन लावला, तर ऑपरेशनवाला म्हणाला, "तो ओनरचा विषय आहे, सर." मालकाला लावला. "दुसरा डायवर दिवाळीले घरी गेला. मंग मी का गाडी उभी करू? हप्ता कोन भरन, तुमी भरता का?" बाकड्यावरच्या प्रवाशांचं विचारलं, तर ते क्लीनरनं बसवले असतील म्हणाला. क्लीनर म्हणजे सतरा-अठरा वर्षांचं पोर. सगळ्यात खाली तोच आहे म्हणून प्रश्न तिथं येऊन थांबला.

मला ड्रायव्हरची कीव आलेली नाही. मी त्याला ओळखतो, झोप झालेली असली तरी तो बायामाणसांशी असाच बोलतो. अशा माणसाला प्रवाशांपासून लांब ठेवलेलंच बरं. पण त्याला काढणं कंपनीला इतकं सोपं का गेलं, हे डोक्यातून जात नाही. त्यांच्या ॲपवर तक्रारीचे रकाने बघितले. चालकाचे वर्तन, स्वच्छता, विलंब, एसी. ड्रायव्हर किती तास जागा आहे, याला रकाना नाही. मी एका पानात दोन तक्रारी पाठवल्या होत्या. ज्यात त्यांचा एक रुपया जात नव्हता तेवढी त्यांनी उचलली. दुसरी मी मग आरटीओला चार्ट आणि व्हिडिओ जोडून दिली. पोच मिळाली आहे.

काकूंना फोन केला. म्हणाल्या, "काढलं त्याले? म्या कुठं काढा म्हनलं होतं बाप्पा. गाडी थांबवा म्हनलं होतं." परत येताना कुठं थांबणार ते तिकिटावर लिहून दे, म्हणाल्या. कंपनीला विचारलं, तर थांबा ड्रायव्हरच्या सोयीनं असतो, लेखी देता येत नाही म्हणे. त्यांचं परतीचं तिकीट मी सुनेला एसटीचं काढायला सांगितलं. माझं कमिशन गेलं. एसटी निदान स्टँडवर तरी थांबते.

तो ड्रायव्हर आठवड्याच्या आत याच रोडवर परत दिसला. मालक तोच, गाडी दुसरी, तिच्यावर नाव दुसऱ्या कंपनीचं. काउंटरसमोर गाडी लावून खाली उतरला, चहा घेतला, मला म्हणाला, "भाऊ, तुमी लिहून देलं ते बरंच झालं. इथं खेपीमागं पैसे जास्त हायेत." राग नव्हता, खरंच सांगत होता. मी चार्ट पाहिला. नावं दोन. म्हटलं, दुसरा कुठाय? तो हसला आणि कप ठेवून गाडीवर चढला.

तेव्हापासून त्या मालकाच्या गाड्यांना मी आधी दुसरा ड्रायव्हर दाखवायला सांगतो, मगच माझे प्रवासी चढवतो. दोन रात्री वाद झाला. तिसऱ्या रात्री गाडी माझ्यासमोर थांबलीच नाही, पुढं शंभर पावलांवर जाऊन उभी राहिली. तिथला पानटपरीवाला आता त्यांचं बुकिंग घेतो, आणि माझ्यापेक्षा पन्नास रुपये कमी लावतो.