पण ती तर ठणठणीत दिसतेय!

एका दुपारी आमच्या चिनी नावाच्या कुत्रीने टेबलावरची बेदाण्यांची पिशवी खाली ओढून फोडली. मी खोलीत गेलो तेव्हा ती फरशीवर सांडलेले बेदाणे एकेक करून टिपत होती आणि मला पाहून शेपटीही हलवत होती. घरात पहिली प्रतिक्रिया उमटली ती ‘अगदी ठणठणीत आहे की, बेदाण्यांनी काय होतंय!’ अशी. द्राक्षे आणि कुत्र्यांची मूत्रपिंडे यांचे वैर मी अर्धवट का होईना वाचलेले असल्यामुळे दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी तिची तब्येत कशी आहे हे विचारलेच नाही. वजन किती, खाल्ले किती आणि वेळ किती झाला, एवढे तीनच प्रश्न त्यांनी विचारले. पिशवी २०० ग्रॅमची होती. फरशीवरचे आणि पिशवीतले बेदाणे गोळा करून काट्यावर टाकले, तर ते १४२ ग्रॅम भरले. म्हणजे ११ किलोंच्या कुत्रीच्या पोटात ५८ ग्रॅम गेले होते.

उलटीचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच फुगलेले, बहुतेक न चावताच गिळलेले बेदाणे बाहेर आले. त्यानंतर सलाइन लावले आणि पुढचे तीन दिवस रोज रक्तातील क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडे बिघडली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, तपासले. ते वाढले नाही.

ही धावपळ अनाठायी वाटू शकते, कारण एखादा कुत्रा मूठभर द्राक्षे खाऊनही सुखरूप राहतो. पण दुसऱ्याला थोड्याशा बेदाण्यांनीच उलट्या सुरू होतात आणि एक ते तीन दिवसांत त्याची मूत्रपिंडे काम थांबवू लागतात. हा लहरीपणा बरीच वर्षे कोडे बनून राहिला होता. २०२१ मध्ये अमेरिकेतील काही पशुवैद्यकांनी द्राक्षांतील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. त्यांना हा दुवा सापडला तो मुलांच्या खेळण्यासाठी घरी मळलेल्या मातीमुळे: त्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे याच आम्लाचा क्षार, घातलेले होते आणि ती खाल्लेल्या कुत्र्याची मूत्रपिंडे द्राक्षे खाल्ल्यासारखीच बिघडली होती. द्राक्षाची जात आणि पिकलेपण यांनुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, त्यामुळे ‘इतके चालतात’ असा आकडा कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

चॉकलेटचे गणित मात्र मांडता येते. त्यातील थिओब्रोमिन हा कॅफिनसारखा उत्तेजक घटक; ते माणसाच्या शरीरात सहा ते दहा तासांत निम्म्यावर येते, तर कुत्र्याला त्यासाठी सतरा-अठरा तास लागतात. शिवाय मूत्राशयात उतरलेले थिओब्रोमिन तेथूनही पुन्हा रक्तात शोषले जाते, म्हणून अशा रुग्णाला वारंवार लघवीला नेतात. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅमपासून उलट्या आणि अस्वस्थता दिसू लागते, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. चिनीच्या वजनाला ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट म्हणजे किलोमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तेवढेच डार्क चॉकलेट म्हणजे २३ च्या आसपास. पण केकसाठी वापरतात ते बिनसाखरेचे चॉकलेट थेट ६० च्या पलीकडे नेते. ‘एक तुकडा खाल्ला’ या माहितीला म्हणूनच वेष्टन पाहिल्याशिवाय अर्थ नसतो.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती साखरेऐवजी वापरतात त्या झायलिटॉलची, कारण ते कुत्र्याला अपायकारक आहे हे पाहुण्यांच्या गावीही नसते. साखरमुक्त च्युइंगम, टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत ही गोडी असते. माणसाला ती निरुपद्रवी आहे. कुत्र्याचे स्वादुपिंड मात्र तिला साखर समजून भराभर इन्सुलिन सोडते आणि अनेकदा अर्ध्या-एक तासातच रक्तातील साखर कोसळून कुत्रा झोकांड्या खाऊ लागतो. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढे त्याला पुरते आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतही निकामी होऊ शकते. काही च्युइंगमच्या एकेका गोळीत एक ग्रॅमपर्यंत झायलिटॉल असते, म्हणजे चिनीसाठी दोन गोळ्याही पुष्कळ झाल्या.

कांदा-लसूण याच्या अगदी उलट, सावकाश काम करतात. त्यांतील गंधकयुक्त घटक तांबड्या पेशींना इजा करतात, त्या फुटू लागतात आणि कित्येक दिवसांनी हिरड्या पांढुरक्या, लघवी तपकिरी दिसते; तोवर आठवड्यापूर्वीची रस्साभाजी कोणालाच आठवत नाही. शिजवल्याने हा गुण जात नाही आणि सुकवलेली पूड तर अधिकच तीव्र असते.

मॅकाडेमिया हा सुकामेवा खाल्लेल्या कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, पण तो बहुधा दोन दिवसांत सावरतो. यीस्ट घातलेली कच्ची कणीक पोटात फुगते आणि आंबून मद्यार्कही तयार करते.

मीठ-पाणी पाजून घरीच उलटी काढण्याचा सल्ला आम्हालाही त्या दुपारी मिळाला होता. डॉक्टरांनी फोनवरच तो मोडीत काढला: जास्त मिठाने रक्तातील सोडियम वाढून मेंदूला इजा होते, म्हणजे एका विषावर दुसरे विष. ‘काही पाजू नका, पिशवी बरोबर आणा,’ असे त्यांनी सांगितले. गाडीत चिनी खिडकीतून डोके बाहेर काढून खुशीत बसली होती.