आकडी

दुपारची जेवणं होऊन घर जरा निपचित पडलं की पाणंदीतून एक आवाज जातो. खट्, खट्, मध्ये जरा थांबून पुन्हा खट्. लाकडावर लोखंड आपटल्याचा. कोकणात वाढलेल्या माणसाला मान वर करून बघावं लागत नाही. कुणीतरी कमरेला आकडी बांधून, आकडीत कोयती अडकवून चाललेला असतो. आवाजाच्या लयीवरून माणूसही ओळखता येतो. घाईतल्याची खटखट वेगळी, लंगडणाऱ्याची वेगळी, आणि दहा-बारा माड चढून घरी निघालेल्याची तर फारच वेगळी. हल्ली हा आवाज कमी झालाय. कोयती गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी बसून जाते.

आकडी पाहिलेली सगळ्यांनीच असते, पण हातात घेऊन फारच थोड्यांनी. लाकडाचा वीतभर तुकडा. कमरेकडची बाजू किंचित खोलगट, म्हणजे वाकलं तरी रुतत नाही. मधली चीर एवढीच रुंद की पातं सहज आत जावं आणि मूठ वर अडकावी. ही चीर झिजून एखाद्या सुतानं वाढली की कोयती डुलायला लागते, दोन सूत वाढली की माडावर वाकताना ती खाली पडायची भीती. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सेंटिमीटर आले, मीटर आले, सुताराच्या तोंडचं सूत काही गेलं नाही.) बांधायची दोरी चपटी विणलेली असावी, गोल दोरी घामानं कातडी सोलते. आणि धार कधीही अंगाकडे येता कामा नये. डावखुऱ्यानं उजव्या माणसाची आकडी उसनी बांधली तर नेमकं तेच होतं.

कोयतीबद्दल मात्र प्रत्येक घराची वेगळी पोथी. आमचीच खरी, तुमची ती बाजारातली. यात थोडं तथ्यही आहे. गावच्या लोहाराकडची चांगली कोयती बऱ्याचदा ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून निघते, आणि ते पोलाद कोयतीला उत्तमच. पण नुसतं पोलाद चांगलं असून भागत नाही, पाणी नीट बसावं लागतं. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, इतकं की दगडावर आपटलं तर काचेसारखं उडेल. म्हणून मग ते पुन्हा हलकं तापवायचं आणि घासून चकचकीत केलेल्या भागावर चढणारा रंग बघत बसायचं. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, साधारण २३० अंश सेल्सियसला. मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. चाकूला पिवळा चालतो. कोयतीनं फांदीवर घाव घालायचे असतात, तिला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावं लागतं. भट्टीतल्या लोखंडाची लाली मात्र उन्हात नीट जोखता येत नाही, म्हणून लोहारसाळ नेहमी अंधारी. आत शिरलेल्याला वाटतं, यांना एक खिडकी काढायला काय झालं होतं?

जुनी कोयती हातात आली तर तिच्या धारेकडे बघावं. दुमडलेली असेल तर पाणी कमी पडलंय. टवका उडालेला असेल तर पाणी जास्त झालंय, किंवा कुणीतरी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, जांभ्यावर हाणलीय. दुसरंच बहुधा.

आणि तिसरा प्रकार म्हणजे धारेलगत निळसर पट्टा. हा हल्लीचा रोग. बाजाराच्या दिवशी विजेच्या चाकावर पातं धरायचं, ठिणग्यांचा फवारा उडवायचा, दोन मिनिटांत धार, दहा-वीस रुपये दिले की काम झालं. धार लागते, यात शंका नाही. पण कडेला तो निळा पट्टा आला म्हणजे तिथलं पाणी उतरलं. आठ दिवसांत पातं बोथट, पुन्हा चाक, पुन्हा निळं. तीन पिढ्यांनी निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासून जेवढी कोयती संपवली नसेल, तेवढी हे चाक चार पावसाळ्यांत संपवतं. चाकावर द्यायचीच असेल तर पातं बोटांना सोसेल इतकंच तापू द्यावं आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पाण्यात बुडवावं. चाकवाल्याला हे सांगून बघा. तो तुमच्याकडे बघून हसतो आणि पुढचं पातं घेतो.

निसणा म्हणजे मागील दारचा तो काळा दगड. नदीतून आणलेला, बारीक कणीचा. जांभा कामाचा नाही, त्याला भोकं फार. दगडावर पाणी शिंपडायचं, तेल नाही, तेलानं दगडाची कणी लिंपून जाते आणि पातं नुसतं घसरतं. पातं २५ ते ३० अंशांत तिरपं धरून धार पुढे ठेवून लोटायचं. एका बाजूला घासत राहिलं की दुसऱ्या बाजूच्या कडेवर अंगठ्याला बारीक खरखर लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत लागली की बाजू बदलायची. बहुतेक जण मध्येच कंटाळतात. म्हणून जुन्या कोयत्यांची पोटं आत गेलेली आणि टोकं जाड राहिलेली दिसतात. दगडाचंही तसंच. मधोमध ओंजळभर खळगा. अशा खळगा पडलेल्या दगडावर सरळ धार येत नाही. पण खळगा कितीही वाढला तरी दगड बदललेला कुणाच्या आठवणीत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी ही सगळी मंडळी एकदम बाहेर येत. एरवी पडवीच्या वाशाला खोचलेली, माळ्यावर पडलेली, गोठ्याच्या कोपऱ्यातली. पोरांना काम ठरलेलं, राख आणि सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, चोथा घेऊन घासत बसायचं. कोयत्या, विळे, कुदळ, पहार, फाळ, सुताराचं काम येणारं कुणी घरात असेल तर रंधा, वाकस, पटाश्या. ओटीवर पाट मांडून ओळीनं ठेवायची, वर हळद-कुंकू, झेंडूचं फूल. फूल पहारीवर कधी टिकायचं नाही, घरंगळून पडायचं, आणि पोरांचं सगळं लक्ष त्यातच. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. आणि नेमका त्याच दिवशी नैवेद्याला नारळ हवा असायचा! मग आजी विळीला सूट द्यायची. म्हणायची, विळी कुठं अवजार आहे, ती घरातलीच आहे.

गंज कसा काढावा यावर मात्र घरात दोन पक्ष असत. कोकमाच्या आगळात बुडवून ठेवा म्हणणारे, आणि चिंच म्हणणारे. दोन्हींत आंबटपणा आहे, गंज दोन्हींनी सुटतो. पण आगळात मीठ असतं. रात्रभर ठेवलेली कोयती सकाळी लखलखीत निघते आणि दोन दिवसांत पहिल्यापेक्षा लाल होते. चिंचेचं पाणी बरं. चार-पाच तास, मग राखेनं घासून धुवायचं, चुलीजवळ ऊब लागेल असं पूर्ण वाळवायचं, आणि गरम असतानाच खोबरेलाचा हात फिरवायचा. गार पातं तेल नुसतं अंगावर घेतं. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला, म्हणजे मुठींना आणि दांड्यांना लावतात, वाळवी फिरकत नाही. पण ते हाताला लागलं तर फोड येतात आणि चांगलं वाळल्याशिवाय मूठ धरता येत नाही.

विळीचं शास्त्र निराळं. कापा-बरका कुठलाही फणस असो, आधी पात्याला तेल. विसरलं तर चीक बसतो, आणि तो खरवडायला जाल तर धार जाते. पातं जरा शेकावं, चीक मऊ पडतो, तेलाच्या फडक्यानं ओढून घ्यावा. पुढची खवणी बोथटली की खोबरं भुरभुर पडत नाही, चुरगळून लगदा होतो. मग तीनधारी कानस घेऊन दात्यांमधल्या खाचा आतून दोन-दोन हात फिरवून मोकळ्या करायच्या. बाहेरून घासू नये. बाहेरची गोलाई गेली की करवंटीच्या पोटात ती बसतच नाही.

दांड्याला धामण. लवते, मोडत नाही, घावाचा हिसका मनगटापर्यंत येऊ देत नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणणाऱ्याला लाकडाची जात माहीत असणार. वैशाखात दांडे वाळून नेढ्यात, म्हणजे लोखंडातल्या भोकात, खुळखुळायला लागतात. मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, सगळं ठाकठीक हवं, म्हणून आळशी माणूस कुदळ रात्रभर विहिरीच्या डोणीत टाकतो. सकाळी दांडा घट्ट. पण फुगलेलं लाकूड लोखंडात दाबून चेपतं, वाळलं की आधीपेक्षा सैल. पाचर मारणं हाच उपाय, आणि पाचर दांड्यापेक्षा कठीण लाकडाची.

भातकापणीचा दातेरी ‘वैभव’ विळा दापोलीच्या कृषी विद्यापीठानं दिला, आणि तो खरंच सोयीचा आहे. दात्यांनी चूड कापत जातो, मनगट कमी दुखतं. त्याला धार लावावी लागत नाही. पण हाताची सवय जात नाही. जुना माणूस सवयीनं तोही निसण्यावर घेऊन बसतो, आणि तासाभरात सगळे दाते साफ.

रंध्याबद्दल लिहायला बसलं तर पान पुरणार नाही. एवढंच, की जुन्या रंध्याचं तोंड सारखं चोंदत असेल तर लाकडाला दोष देऊ नये. पात्यावरचं टोपण उतरवून उजेडात धरावं. टोपणाची कड पात्याला पूर्ण टेकत नसेल तर त्या फटीत ढलप्या शिरतात. कड घासून सपाट केली की रंधा पुन्हा गायला लागतो.

हे सगळं टिकायचं मुख्य कारण कुणी कधी मोजलं नाही. चूल. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, समुद्राची खारी हवा, आणि तरी माळ्यावरचं लोखंड शाबूत, कारण खाली रोज दोन वेळा धूर होत होता. आधी चुलीच्या जागी गॅस आला. मग घरालाच कुलूप लागलं. वाटणीच्या कागदात आमराई आहे, विहिरीच्या पाण्याची पाळी आहे, देवघराचा हक्क आहे. माळ्यावर काय आहे त्याची नोंद नाही, त्यामुळे भांडणही नाही.

गणपतीला पाच दिवस दार उघडतं. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या रानफुला-फळांच्या छताला, हरणं, कवंडळं अशी रानफुलं-फळं आणायला कुणीतरी कोयती काढतो, ती वाशाला गंजून चिकटलेली असते. ओढून काढली तरी साध्या वेलीवरून घसरते. शेजारून मागून आणतात, काम भागतं. निघताना गाडीत बसता बसता कुणीतरी दरवर्षी म्हणतं, पुढच्या वेळी येताना एक धारेचा दगड आणूया रे.

दगड मागील दारी आहे. पायरी खचली म्हणून तिथे लावलाय. खळग्यात पावसाचं पाणी साचतं, त्यात पाय बुचकळून सगळे आत येतात.