गाठ तिथेच आहे

‘गाठ अजून डोक्यातच आसा, मगे केलास काय?’ आत्याच्या डोक्यातल्या गाठीवर मुंबईत किरणांचे उपचार करून आणल्यापासून हा प्रश्न मला देवगडच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि देवळाच्या पायरीवरही विचारला गेला आहे. मुंबईत आम्हांला कोणीतरी गंडवले, अशी त्यामागची सहानुभूती मला प्रश्नापेक्षा जास्त झोंबते. म्हणून एकदा नीट लिहितो.

आत्याची गाठ कर्करोगाची नाही. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर, मेंदूच्या बुंध्याजवळ ती वाढली. कवटी उघडून ती काढता येते. पण चेहऱ्याची नस तिला खेटून जाते, आणि ती दुखावली तर तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही. म्हणून सत्तरी उलटलेल्या आत्यासाठी आम्ही गॅमा नाइफ निवडले. त्यात सुरी नसते. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणांचे १९२ बारीक झोत वेगवेगळ्या दिशांनी येतात; एकेकटा झोत वाटेतल्या मेंदूला फारसा बाधत नाही, सगळे मिळतात तिथेच मात्रा मोठी होते. लार्स लेक्सेल या स्वीडिश शल्यविशारदाने ही कल्पना १९५१ मध्ये मांडली. डोके तसूभरही हलू नये म्हणून जागा बधिर करून चार स्क्रूंनी चौकट बसवतात. उपचार झाले त्याच संध्याकाळी आत्या पेज मागत होती. गाठ काढणे हा इथे हेतूच नसतो. पेशींच्या डीएनएला इजा होऊन वाढ थांबावी, एवढेच साधायचे असते.

हे सगळे मला तेव्हाही पाठ होते. तरीही सहा महिन्यांनंतरच्या एमआरआयचा अहवाल रत्नागिरीत हातात आला, आणि त्यात गाठ दोन मिलिमीटरने वाढल्याचे लिहिले होते. आतेभावाने ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, ‘ऑपरेशन नको, असे तूच म्हणाला होतास.’ आत्या त्याच बाकावर, अधू कान आमच्याकडे करून बसली होती. तिला काही कळले नाही. ‘काय रे म्हणता?’ असे तिने विचारले, तेव्हा रिपोर्ट चांगला आहे, असे मी सांगितले, आणि भाऊ उठून बाहेर गेला. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी पडद्यावर गाठीचा काळवंडलेला मध्यभाग दाखवला; किरणांचा परिणाम झाल्याची ती खूण. किरणांनंतर गाठ काही काळ सुजू शकते, पुढचा स्कॅन पाहिल्याशिवाय घाबरू नका, असे ते म्हणाले. संमतीपत्रात ही ओळ होती म्हणे! त्या बाकावर ती कोणी तोंडी सांगितलेली आठवली असती, तर बरे झाले असते.

नंतरच्या स्कॅनमध्ये माप पूर्ववत आले. कानाचे ऐकणे मात्र उतरतच गेले. शस्त्रक्रियेत तो कान वाचला असता का? बहुधा नाही, असे मी म्हणतो. पण त्या दिवशी बाकावर बसलेला मी ते ‘बहुधा’ मान्य करत नाही. भावाचा प्रश्न वेगळाच आहे: वाढ थांबली, असे किती वर्षांनी म्हणायचे? डॉक्टरही दरवर्षी एमआरआय करायला सांगतात, म्हणजे एकदाच तसे म्हणून मोकळे होणे त्यांनाही जमत नसावे.