दात्यांच्या शिडीवरून डेगरलोखला

धाकटी बहीण तीन वर्षांपासून जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात राहते. तिचे घर डेगरलोख या टेकडीवरच्या उपनगरात आहे. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे पहिल्यांदा जायचा योग आला, तेव्हा तिने फोनवरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती : "दादा, भुयारी गाडीने वर येऊ नकोस. मारियनप्लाट्झला उतर आणि त्साकेने ये. तुला आवडेल." मी कारखान्यात गिअर बनवणाऱ्यांपैकी आहे हे तिला ठाऊक असल्यामुळेच ती असे म्हणाली असणार. पुढच्या दहा दिवसांत मी त्या गाडीने किती फेऱ्या केल्या, याचा हिशेब तिने ठेवला आणि मी ठेवला नाही.

त्साके हे या गाडीचे घरगुती नाव. दातेरी चाकाला जर्मन भाषेत 'त्सानराड' म्हणतात, म्हणून कागदोपत्री ती 'त्सानराडबान', आणि शहराच्या वाहतूक नकाशावर मार्ग क्रमांक 10. मारियनप्लाट्झपासून डेगरलोखपर्यंतचे अंतर जेमतेम 2.2 किलोमीटर आहे, पण तेवढ्यात गाडी सुमारे 200 मीटर उंची चढते. सर्वांत तीव्र जागी हा चढ शेकडा 17.8 आहे, म्हणजे साधारण साडेपाच मीटर पुढे जाताना एक मीटर वर. आपल्याकडच्या मोजमापाशी ताडून पाहिले की या आकड्याचा अर्थ खरा कळतो. भोर घाटात कर्जतला मागून बँकर इंजिने लावून गाडी वर ढकलावी लागते, तिथला चढ 1 ला 37 आहे. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी 1 ला 20 चा चढ नागमोडी वळणे घेत घेत चढते. माथेरानच्या चढाच्या साडेतीनपट उभ्या चढावर एखाद्या शहराची रोजची प्रवासी गाडी दर पंधरा मिनिटांनी सुटते, हे वाचून समजते, पण पटते ते फलाटावर उभे राहिल्यावरच.

स्टुटगार्ट हे शहर एका वाडग्यासारख्या खोलगट भागात वसले आहे. तिन्ही बाजूंना टेकड्या आहेत, त्यांच्या उतारांवर एके काळी सर्वत्र द्राक्षांचे मळे होते, आणि आजही शहराच्या आत, घरांच्या रांगांमध्येच, काही मळे टिकून आहेत. मळ्यांतून वर जाण्यासाठी बांधलेल्या दगडी पायऱ्यांचे 400 हून अधिक जिने शहरभर विखुरलेले आहेत. टेकडीच्या माथ्यावर फिल्डर नावाचे सुपीक पठार आहे आणि तिथली टोकदार कोबी प्रसिद्ध आहे. पठारावरून शहरात उतरणारा जुना रस्ता फार उभा होता, म्हणून एबरहार्ड एत्सेल या अभियंत्याने वळणावळणाचा नवा रस्ता आखला आणि तो 1831 मध्ये पुरा झाला. जुन्या रस्त्याचे नाव 'आल्टे वाइनश्टायगे', नव्याचे 'नॉये वाइनश्टायगे'. दोन्ही नावांत द्राक्षमळ्यांची चढण आहे. मात्र नवा रस्ता झाला तरी घोड्यांना ओढायचा चढ काही संपला नव्हता.

त्या चढावर रेल्वे न्यायची कल्पना प्रत्यक्षात आणली ती शेजारच्या एस्लिंगन गावातील इंजिन कारखान्याच्या एमिल केसलर यांनी. 23 ऑगस्ट 1884 रोजी ही रेल्वे सुरू झाली. रूळ मीटर गेजचे होते, इंजिने वाफेची होती आणि चढण्यासाठी वापरलेली पद्धत स्वित्झर्लंडमधील निक्लाउस रिगेनबाख यांची होती. अल्सेसमध्ये जन्मलेल्या या अभियंत्याने 1863 मध्ये आपल्या दातेरी रुळाचे पेटंट घेतले आणि 1871 मध्ये रिगी डोंगरावर युरोपातील पहिली दातेरी डोंगरी रेल्वे सुरू करून दाखवली. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर सिल्वेस्टर मार्श यांची गाडी त्याआधी दोन वर्षे, 1869 पासून धावत होती. बुडापेस्टने तर 1874 मध्येच रिगेनबाख पद्धतीची गाडी शहरालगतच्या श्वाबहेड्य टेकडीवर नेली आणि ती आजही शहराच्या वाहतुकीत आहे. पण डोंगरावर सहलीला जाणे आणि टेकडीवरच्या घरी परतणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. आज जर्मनीत चारच दातेरी रेल्वे उरल्या आहेत. त्यांतल्या तीन पर्यटकांना शिखरे दाखवण्यासाठी धावतात, आणि लोकांना कामावर नेऊन आणणारी चौथी ही एकटीच.

मारियनप्लाट्झच्या फलाटाच्या टोकाशी उभे राहून खाली वाकून पाहिले की ती सारी युक्ती डोळ्यांसमोर येते. दोन नेहमीच्या रुळांच्या बरोबर मध्ये पोलादाची एक शिडी आडवी टाकलेली असते. समोरासमोर ठेवलेले दोन पोलादी चॅनेल आणि त्यांच्यामध्ये ठरावीक अंतराने बसवलेले आडवे दांडे, एवढेच तिचे रूप. गाडीच्या पोटातील दातेरी चाक या दांड्यांत अडकत अडकत पुढे सरकते. मी पाहिलेल्या शिडीत दांड्यांचा मधला भाग आरशासारखा लखलखीत झाला होता आणि दोन्ही कडांना वंगणाचा काळा थर साचला होता. ज्याने आयुष्यभर गिअरचे दाते तपासले आहेत, त्याला त्या चमकत्या पट्ट्याची रुंदी पाहूनच कळते की चाक शिडीवर सरळ बसते आहे आणि भार सारखा पडतो आहे. मी तिथे इतका वेळ ओणवा होऊन पाहत राहिलो की एका आजीबाईंनी जवळ येऊन, काही हरवले आहे का, असे विचारले. काही हरवले नाही, शिडी पाहतो आहे, असे मोडक्या जर्मनमध्ये सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि त्याही क्षणभर वाकून पाहू लागल्या.

साधी रेल्वे पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातील घर्षणावर चालते, आणि पाऊस पडला, पाने कुजली, बर्फ साचला की ते घर्षण कमी होते. दाते मात्र घर्षणावर विसंबून नसतात. त्यामुळे चढणे हा प्रश्न त्या मानाने सोपा झाला. खरा कस लागतो तो उतरताना. वाफेच्या काळात रिगेनबाख यांनी त्यासाठी योजलेला उपाय मला त्यांच्या शिडीइतकाच मोलाचा वाटतो. उतारावर इंजिनाच्या सिलिंडरांत वाफेऐवजी बाहेरची हवा ओढून ती दाबली जाई, त्या दाबाचा विरोध दट्ट्यांमार्फत दातेरी चाकापर्यंत पोहोचे आणि गाडीचा वेग आवरला जाई. दाबलेली हवा तापते, म्हणून सिलिंडरांत थोडे पाणी सोडले जाई. ब्रेकचे ठोकळे चाकावर घासून झिजवत बसण्यापेक्षा इंजिनालाच उलटे कामाला लावायचे, असा हा विचार आहे. आजच्या विजेच्या गाड्यांतही तोच विचार वेगळ्या रूपाने आहे, कारण उतरताना मोटारच जनित्र होऊन गाडीला मागे खेचून धरते. दुसरा नियमही तेव्हापासूनचाच आहे : जोर लावणारे वाहन नेहमी दरीच्या बाजूला राहील, म्हणजे वरचा डबा त्याच्यावर टेकून राहील आणि सुटून खाली धावण्याचा प्रश्नच उद्भवणार नाही.

या नियमामुळेच त्साकेचे सर्वांत आवडते दृश्य तयार होते. गाडीच्या पुढे, म्हणजे चढाच्या बाजूला, सायकलींसाठी एक उघडी छोटी गाडी असते आणि मोठी गाडी तिला ढकलत वर नेते. मारियनप्लाट्झला सायकलस्वार शिस्तीने रांगेत उभे राहतात, आपापली सायकल वर चढवून खाचेत बसवतात आणि मग डब्यात येऊन बसतात. चढ गाडीवर सोपवायचा आणि उतार स्वतः मनसोक्त उतरायचा, असा त्यांचा सरळ व्यवहार आहे.

रेल्वे 1902 मध्ये विजेवर आली. 1908 मध्ये डेगरलोख गाव स्टुटगार्ट शहरात सामील झाले, आणि दोन्हींना सांधणारी ही गाडी त्याआधीच चोवीस वर्षे धावत होती, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. खालचे मूळ स्थानक फिल्डरश्ट्रासवर होते. 1936 मध्ये सुरुवातीचे ठिकाण मारियनप्लाट्झला आणले गेले, आणि जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता नाट्यगृह आहे. 1982 मध्ये आलेल्या तीन गाड्यांनी चार दशके काम केले आणि आता त्यांच्या जागी श्टाडलर या स्विस कंपनीच्या तीन नव्या गाड्या आल्या आहेत. नेहमीच्या दिवशी दोन धावतात आणि एक हाताशी राखून ठेवलेली असते.

निघाल्यावर पहिले काही क्षण दोन्ही बाजूंना चार मजली घरे असतात. मग चढ सुरू होतो आणि पायाखालून एक बारीक, सलग घरघर ऐकू येऊ लागते. खिडक्यांच्या चौकटी गाडीच्या चौकटीशी तिरक्या दिसू लागतात, आणि घरे कललेली आहेत की आपण, हा संभ्रम मला प्रत्येक फेरीत पडला. रूळ आल्टे वाइनश्टायगेच्या कडेने वर जातात. वीलांड्सह्योए थांब्याशी एकेरी मार्ग दुहेरी होतो, कारण वरची आणि खालची गाडी इथेच एकमेकींना वाट देतात. दातेरी रेल्वेचे सांधे बदलणे हे सोपे काम नाही. शिडी रुळांपेक्षा उंच असते, त्यामुळे सांध्याच्या जागी रुळांबरोबर शिडीचे तुकडेही सरकवावे लागतात. दोन्ही चालकांनी एकमेकांना हात केला, आमची गाडी हलली, आणि डाव्या हाताला झाडांची रांग संपून सगळे शहर एकदम उघडे पडले. लाल कौले, चर्चचे मनोरे, रेल्वे स्थानकाचा परिसर आणि पलीकडच्या उतारावर द्राक्षांच्या हिरव्या ओळी. डब्यातील शाळकरी मुलांपैकी एकानेही मान वर केली नाही. त्यांच्यासाठी ती घरची वाट होती.

बहिणीशी बोलताना एक दुवा आठवला आणि तो तिलाही नवा होता. याच रिगेनबाख यांना 1882 मध्ये निलगिरीत बोलावले होते आणि त्यांनी तिथल्या रेल्वेचा खर्चाचा अंदाज सादर केला होता. ती योजना तशी झाली नाही. मेट्टुपालयम ते कुन्नूर ही गाडी 1899 मध्ये धावू लागली, ती रोमान आप्ट यांच्या पद्धतीने, आणि हे आप्ट रिगेनबाख यांच्याच हाताखाली तयार झालेले अभियंते होते. तिथला चढ 1 ला 12 आहे. स्टुटगार्ट आणि मुंबई ही 1968 पासून भगिनी शहरे आहेत, हेही तिने मला तेव्हाच सांगितले.

परतीच्या दिवशी सामान जड होते, तरीही मी भुयारी गाडी टाळली. सकाळची वेळ होती, पाऊस भुरभुरत होता. डेगरलोखच्या फलाटावर दप्तरे पाठीला लावलेली मुले, छत्री मिटणाऱ्या बाया आणि एक पाववाला हातात मोठा टोपला घेऊन उभा होता. उतरताना घरघर थोडी वेगळी, जाडसर येते, कारण आता दाते गाडीला ओढत नसतात, धरून ठेवत असतात. वीलांड्सह्योएला वर येणारी गाडी आधीच येऊन थांबली होती. तिच्या पुढच्या उघड्या गाडीत सहा सायकली ओल्या होऊन उभ्या होत्या.