चार पँटी आणि एक क्रील

कॉटेजच्या स्वयंपाकघरात शिरल्याशिरल्या माझं लक्ष छताकडे गेलं. चार लाकडी दांड्या, दोन्ही टोकांना बिडाच्या पट्ट्या, कप्पीवरून खाली आलेली दोरी आणि ती गुंडाळायला भिंतीत खुंटी. कपडे वाळत घालायची सोय! लेक खिडकीतून दरी दाखवत होती, "आई, अगं बाहेर बघ ना." मी दोरी सोडून दांड्या खालीवर करण्यात दंग. रत्नागिरीला आमच्या माजघरात असाच आडवा बांबू होता. कप्पी नव्हती, आजी काठीनं लुगडं वर सरकवायची. इथं इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये याला 'क्रील' म्हणतात, घरमालकीणबाईंनी सांगितलं.

लीड्सहून गाडीनं पाऊण तासावर हेब्डन ब्रिज, आणि तिथून छातीवरचा चढ चढून हेप्टनस्टॉल. घर जुन्या विणकराचं. वरच्या मजल्यावर ओळीनं खिडक्याच खिडक्या, कारण हातमागाला उजेड हवा. आता तिथे पलंग आहे आणि जूनमधला तोच उजेड पहाटे साडेचारला डोळ्यांवर येतो. विणकराला काय, तो कामालाच उठत असणार.

दुसऱ्या दिवशी मूरवर गेलो. मूर म्हणजे पठार असं कोणी म्हणेल, पण मला आमचा कोकणातला सडाच आठवला. झाड नाही, आडोसा नाही, वारा म्हणेल ती पूर्व. फरक पायाखाली. सडा जांभ्याचा, खणखणीत. इथं काळंभोर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याची ओली माती, पाय ठेवला की पचपचतं. हेदरचं झुडूप ऑगस्टमध्ये फुलतं, त्यामुळे फोटोंतला तो जांभळा रंग काही आमच्या नशिबी नव्हता. त्याऐवजी कॉटनग्रास होतं. बारीक देठांवर पांढरे झुपके, हुबेहूब फुटलेलं बोंड. एक झुपका खुडला आणि सवयीनं तळहातावर वात वळायला घेतली. पीळ बसेना, तंतू तटातट तुटले. कापसावर जगलेल्या गावाच्या डोक्यावर हा असला न कातता येणारा कापूस!

मग पाऊस आला. कोकणातल्या माणसाला पावसाचं काय कौतुक, असं मी सकाळीच बोलून बसले होते. आमचा पाऊस निदान आवाज देऊन येतो. हा ढगातून चालता चालता कधी अंगात मुरला कळलंच नाही.

तसेच खाली हेब्डन ब्रिजला उतरलो. या गावाचं जुनं टोपणनाव 'ट्राउझर टाउन', विजारींचं गाव! इथल्या गिरण्यांत फस्टियन व्हायचं, म्हणजे कॉर्डरॉयच्या जातीचं जाड सुती कापड. विणताना धाग्यांचे फासे ठेवायचे आणि मग लांब, निमुळत्या सुरीनं ते कापत जायचं. चौकात तशीच एक प्रचंड सुरी उभी आहे, आणि ती आहे सूर्यघड्याळ. या हवेत! आम्ही गेलो तेव्हा किती वाजले ते सांगायची तिची तयारी नव्हती. गिरण्या बंद पडल्या, घरं स्वस्त झाली, आणि 1970 च्या दशकात चित्रकार, लेखक, हिप्पी येऊन राहिले. आता विजारींऐवजी मातीचे मग. एकाची किंमत बघून मी तो दोन्ही हातांनी जपून परत ठेवला.

आपलाही कापूस इकडच्या पट्ट्यात येत असे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस अडला आणि मुंबई बंदरातून गाठोडी निघाली. मुंबईचे शेठ गब्बर झाले, 1865 मध्ये आपटलेही. इथले कामगार मात्र त्या आखूड धाग्याच्या 'सुरती' कापसाला वैतागले होते, सारखा तुटायचा म्हणून. मघाची वात आठवली आणि मला त्यांचं पटलंच.

रात्री क्रीलवर चौघांच्या चार पँटी लटकल्या, खाली आम्ही चहा घेऊन बसलो. जावयाच्या पँटच्या टोकाशी एक थेंब बराच वेळ जमत होता. तो नेमका माझ्या कपात पडला. पीटचा आणि चहाचा रंग एकच, त्यामुळे मी बोलले नाही.