तुम्ही विचारलंत म्हणून: तो डाग अजून आत का?

‘छातीत डाग निघालाय तर काढून का टाकत नाही?’ सोलापूरच्या नवी पेठेत भाजी घेतानाही कुणीतरी विचारतं. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

जिन्यावरून पडले, बरगडीसाठी सीटी स्कॅन काढला. बरगडी शाबूत होती, पण उजव्या फुप्फुसात ८ मिलिमीटरचा धूसर डाग निघाला. रिपोर्टात ‘ग्राउंड ग्लास’, म्हणजे घासलेल्या काचेसारखा. डॉक्टरांनी मला पडद्याजवळ बसवलं. न्हाणीघराच्या खिडकीच्या खरबरीत काचेतून दिसावं तसं दिसत होतं. डागाच्या आरपार रक्तवाहिनीची बारीक रेघ चालली होती. ‘भरीव गाठ असती तर ही रेघ झाकली गेली असती,’ ते म्हणाले. त्या रेघेनं मला त्या रात्री झोप लागली.

असे कितीतरी डाग संसर्गाचे किंवा सुजेचे असतात, काही महिन्यांत विरून जातात. म्हणून आधी सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. माझा गेला नाही. टिकून राहिलेला डाग कॅन्सरची अगदी पहिली पायरी असू शकतो, हे मी स्वतःपासून लपवत नाही. पण ही पायरी फार सावकाश चढली जाते, दुप्पट व्हायलाही बहुधा वर्षं लागतात. काही डाग वाढतच नाहीत. आजूबाजूच्या ऊतीत न घुसता, जागच्या जागी असतानाच काढला, तर पाच वर्षांत त्या आजारानं दगावण्याचं प्रमाण जवळपास शून्य. मग आजच छाती उघडायची घाई कशाला? सुईनं तुकडा काढावा, तर एवढ्या लहान, विरळ डागातून बरेचदा हाती काही लागत नाही.

फ्लाइश्नर सोसायटी, म्हणजे छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१७च्या सूचनांप्रमाणे ६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, निव्वळ धूसर डाग टिकून राहिला, तर दर दोन वर्षांनी सीटी, पाच वर्षं. लक्ष ठेवायचं ते मुख्यतः आत भरीव ठिपका उगवतोय का यावर. तो दिसला, वाढू लागला, की ऑपरेशन. मुलाला तसं सांगून ठेवलंय.

‘पण तुम्ही तर कधी बिडी ओढली नाहीत!’ हेही ऐकते. न ओढणाऱ्या बायकांतही असे डाग निघतात हो.

डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्कॅनच्या चित्रांची जुनी सीडी न्या. दोन मिलिमीटरचा फरक शब्दांत नाही, चित्रं शेजारी ठेवली की दिसतो. माझ्या तिन्ही सीडी कपाटात चादरीच्या घडीखाली आहेत. पुढचा सीटी गड्ड्याची जत्रा उरकली की.